आधी लेखक शोधा
महाभारत नव्याने टीव्हीवर आलं की केळापूर-पांढरकवड्याकडच्या जुन्या प्रेक्षकांचा पहिला शेरा ठरलेला: चोप्रांच्या महाभारताची सर याला नाही. नुसता आठवणींचा उमाळा म्हणून मी हा शेरा झटकणार नाही. २ ऑक्टोबर १९८८ ला दूरदर्शनवर सुरू झालेलं बी. आर. चोप्रांचं महाभारत ९४ भागांत संपलं. २०१३ मध्ये स्टार प्लसवर आलेल्या महाभारताला अडीचशेहून अधिक भाग लागले. दागिने, महाल, युद्धाची दृश्यं यांत नवं कितीतरी पुढे आहे, आणि तरुण पोरांना ते आवडलं यात गैर काहीच नाही. पण चोप्रांच्या मालिकेतल्या राही मासूम रझांच्या संवादांत माणूस बोलता बोलता धर्मसंकटात सापडत जातो, आणि ते ऐकायला कॅमेरा थांबतो. नव्या मालिकेत द्यूतसभेतही कॅमेरा या चेहऱ्यावरून त्या चेहऱ्यावर धावतो आणि संगीत शब्दांवर चढतं. कीर्तनांतून ही कथा पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेल्या आपल्या गावांना शेवट ठाऊकच असतो. त्यांना हवा असतो द्रौपदीचा प्रश्न आणि त्यावरचं भीष्मांचं अडखळणं. जुन्या-नव्याची ही तुलना एकट्या महाभारताच्या वाट्याला येत नाही; रोमन काळावरच्या ‘बेन-हर’चंही तसंच. १९५९ च्या त्या चित्रपटाला ११ ऑस्कर मिळाले, त्यामुळे २०१० मध्ये ती कथा टीव्हीसाठी पुन्हा चित्रित झाली तेव्हा रथांच्या शर्यतीची तुलना अटळच होती. महाभारत प्रत्येक पिढीने नव्याने सांगावंच. निर्मात्यांनो, फक्त पुढच्या वेळी आधी लेखक शोधा, मग सेट उभारा.