मशीन नको, पट्ट्या द्या

सोलापूरच्या पूर्व भागातील नागरिक, मंडळे आणि मेडिकल दुकानदार यांना जाहीर आवाहन



शुगर तपासायची मशीन वाटण्याचे कार्यक्रम आपल्याकडे हौसेने होतात. पुढाऱ्याचा वाढदिवस, मंडळाचा रौप्यमहोत्सव, कुणाच्या वडिलांचे वर्षश्राद्ध असे काही ना काही निमित्त असते. मांडव उभा राहतो, फोटो निघतो आणि विड्या वळणाऱ्या एखाद्या मावशींच्या हातात खोक्यासकट ग्लुकोमीटर येतो. खोक्यात तपासणीच्या बहुधा दहा पट्ट्या असतात. त्या संपल्या की मशीन देवळीत जाऊन बसते, कारण एक पट्टी साधारण १५ ते २५ रुपयांना पडते आणि एका कंपनीची पट्टी दुसऱ्या कंपनीच्या मशीनला चालत नाही. मशीन एकदाच घ्यायचे असते, पट्टी जन्मभर लागते. देणाऱ्यांना मशीन आवडते, कारण ते फोटोत दिसते.

म्हणून विनंती अशी, की यंदा मशीन वाटू नका. तेच पैसे पट्ट्यांसाठी द्या, आणि एका दिवसासाठी नव्हे तर वर्षभरासाठी द्या.

देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आयसीएमआरच्या देशव्यापी अभ्यासातून २०२३ मध्ये पुढे आला. आपल्या भागात हा आजार कुणाच्या घरी आहे हे विचारत फिरावे लागत नाही. कुणाच्या घरी तो तपासला जात नाही, हे मात्र विचारावे लागते. विडीची मजुरी हजारावर मिळते. रिकाम्या पोटीची आणि जेवणानंतरची अशा दोन तपासण्या करायच्या तर सकाळी उपाशी लॅबमध्ये जायचे, घरी येऊन जेवायचे आणि दोन तासांनी पुन्हा जायचे. तेवढ्यात सकाळ संपते आणि संध्याकाळी कारखान्यात द्यायच्या विड्या कमी भरतात. सिव्हिलला गेले तर दिवसच जातो. त्यात इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असलेले माणूस औषध घेऊन रांगेत उपाशी उभे राहिले तर शुगर खाली जाऊन घाम सुटतो, हातपाय थरथरतात. एवढे झाल्यावर लोक काय करतात? तपासणी सोडतात, गोळी चालू ठेवतात. सहा-सहा महिने आंधळेपणाने औषध घेतले जाते आणि पायाची जखम भरेनाशी झाली की मग धावपळ सुरू होते.

रोज बोट टोचायची गरज मात्र प्रत्येकाला नसते, आणि हे आम्ही मुद्दाम ठासून सांगतो. फक्त मेटफॉर्मिनवर असलेल्या आणि तब्येत स्थिर असलेल्या माणसाने रोज तपासल्याने विशेष काही हाती लागत नाही. डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर पंधरवड्यातून एकदा, जेवणापूर्वी एक आणि जेवणानंतर दोन तासांनी एक अशी जोडी पुरेशी होते. एका वेळी सकाळच्या जेवणाची, पुढच्या वेळी रात्रीच्या. महिन्याला चार पट्ट्या, म्हणजे सुमारे ८० रुपये. जोडीचा फायदा असा, की भाकरीऐवजी भात जास्त झाला तर काय होते ते त्या माणसाला स्वतःच्या आकड्यांत दिसते. कुणी उपदेश करायची गरज उरत नाही.

गोम इथेच आहे. पट्ट्यांची डबी एकदा उघडली की काही महिन्यांत संपवावी लागते. मुदत कंपनीप्रमाणे बदलते आणि ती डबीवर छापलेली असते. महिन्याला चार पट्ट्या वापरणाऱ्या बाईला ५० ची डबी दिली तर ती संपायला वर्ष लागेल आणि निम्म्या पट्ट्या वाया जातील. शिवाय सोलापूरचा मे महिना आणि पत्र्याची खोली! उष्णता आणि दमट हवा दोन्हींनी पट्टी बिघडते आणि बिघडलेली पट्टी खोटा आकडा दाखवते. तेव्हा अशा लोकांसाठी घरोघरी डबी देण्यापेक्षा गल्लीत एक सामाईक जागा हवी, जिथे डबी सावलीत, झाकण घट्ट लावून राहील आणि मुदतीच्या आत संपेल. मंडळाचे कार्यालय वर्षातले बरेच दिवस कुलूपबंदच असते. मंडळांकडे आमची मागणी एवढीच, की सकाळी साडेसहापासून आणि रात्री आठपासून, जेवणाआधीची आणि दोन तासांनंतरची अशा दोन्ही तपासण्या होईपर्यंत ते उघडे ठेवावे. विडी कारखाना, यंत्रमागाची पाळी आणि धुणीभांडी सांभाळणाऱ्यांना याच वेळा जमतात.

इन्सुलिन घेणाऱ्यांचे गणित वेगळे. त्यांना स्वतःचे मशीन आणि स्वतःच्या पट्ट्या हव्यातच, कारण शुगर रात्री दोन वाजता खाली गेली तर मंडळाचे कार्यालय उपयोगी पडत नाही. आठवड्याला आठ पट्ट्या धरल्या तरी वर्षाला चारशेच्या वर जातात. २० रुपयांच्या हिशेबाने सव्वाआठ हजार रुपये. चार घरांनी मिळून एका माणसाचे वर्ष उचलले तर प्रत्येकी दोन हजारांच्या आसपास येतात. आणि टाइप १ मधुमेह असलेले मूल असेल तर दिवसाला चार तपासण्या हा चैनीचा आकडा नव्हे, ती किमान गरज आहे. वर्षाच्या १,४६० पट्ट्या, सुमारे २९,००० रुपये. असे मूल ज्या घरात आहे त्या घराला आमच्या मदतीच्या यादीत पहिली जागा राहील. यावर मतभेद असतील तर असोत.

काही ज्येष्ठांनी सुचवले, की पूर्वी निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकून उकळायचे, विटकरी रंग आला की शुगर जास्त. ते स्वस्त होते, तेच करा. स्वस्त होते हे खरे. पण रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय बहुतेकांच्या लघवीत ती उतरत नाही, आणि शुगर घसरल्याचे तर त्यातून कळतच नाही. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी चाचणी चांगली, जमेल त्यांनी ती करावीच. पण अंगात रक्त कमी असेल तर तिचाही आकडा फसवा येऊ शकतो, आणि आपल्याकडच्या किती बायांना रक्त कमी आहे हे आशाताईंना विचारा.

सामाईक जागेत एक नियम मोडता येणार नाही. मशीन चार जणांत चालेल, दर वेळी पुसून. सुई कधीही नाही. पेनासारखे टोचायचे यंत्रसुद्धा दोघांत वापरायचे नाही. नवी सुई घातली तरी नाही. त्यातून कावीळ बी पसरते. प्रत्येकासाठी एकदा टोचली की आपोआप निकामी होणारी सुई वापरायची आणि ती जाड प्लास्टिकच्या झाकणबंद डब्यात टाकायची. डबा भरला की नागरी आरोग्य केंद्राशी बोलून योग्य ठिकाणी पोचवायचा. घंटागाडीत सुट्या सुया टाकल्या तर त्या कचरा हाताने वेगळा करणाऱ्या माणसाला टोचतात.

टोचण्यापूर्वी साबणाने हात धुवून कोरडे करावेत. आंबा खाल्लेल्या बोटातून रक्त घेतले तर शुगर भलतीच वाढलेली दिसते. बोटाच्या मधोमध नव्हे, कडेला टोचावे, आणि विडी वळणाऱ्यांनी अंगठा व तर्जनी सोडून करंगळीशेजारचे बोट द्यावे. तंबाखू भरायला आणि पान वळायला लागणारी बोटे दुखती राहिली तर ती बाई पुन्हा येणार नाही. घरच्या मशीनवर १४० आणि लॅबमध्ये १५५ आले म्हणून भांडू नये, एवढा फरक मशीनमध्ये धरलेलाच असतो. आकडा ७० च्या खाली असेल तर आधी तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे, नोंद नंतर. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काही घालायचे नाही, थेट दवाखाना गाठायचा. एकादशी, श्रावण, नवरात्र, रमजान यांच्या आधी गोळ्यांची वेळ डॉक्टरांना विचारून घ्यावी. सामाईक जागेतले आमचे स्वयंसेवक गोळी कमी-जास्त करणार नाहीत. ते फक्त आकडा वहीत लिहून देतील; ती वही डॉक्टरांना दाखवायची.

हे सगळे सरकारी सोयीला पर्याय म्हणून नाही. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाची शुगर आणि बीपी तपासण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे, त्यासाठी आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात. तो भरा. निदान आणि गोळ्या तिथून घ्या. जनऔषधी केंद्रातली मेटफॉर्मिन पुष्कळ स्वस्त मिळते. मधल्या दिवसांतली तपासणी तेवढी आपल्याला सांभाळायची आहे.

मेडिकल दुकानदारांनो, २२ सप्टेंबर २०२५ पासून ग्लुकोमीटर आणि पट्ट्यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. तो फायदा गिऱ्हाइकाला द्याच, आणि या कामासाठीची डबी छापील किमतीला न देता खरेदीच्या भावात द्या. निवृत्त परिचारिकांनो, आठवड्यातली एक सकाळ हवी आहे. पुण्या-मुंबईला नोकरीला असलेल्या मुलांनो, आई-वडिलांना पाठवता त्यात शेजारच्या घराची एक डबी वाढवा.

घरात कुणी गेल्यावर उरलेल्या पट्ट्या आणून द्यायच्या असतील तर सील न तोडलेली, मुदत असलेली डबीच आणा. मशीन आणायचे असेल तर त्याच्या पट्ट्या अजून बाजारात मिळतात ना, ते आधी मेडिकलमध्ये विचारा. रोख देणाऱ्यांनी पावती मागून घ्यावी. महिन्याचा हिशेब कार्यालयाच्या दारावर लावू: किती पट्ट्या आल्या, किती वापरल्या, किती खराब झाल्या. रुग्णांची नावे त्यात नसतील आणि त्यांचे फोटो कुणालाही काढू दिले जाणार नाहीत, देणगी कितीही मोठी असली तरी.

आपले,
पूर्व भागातील काही रहिवासी, सोलापूर