वारशाचें घड्याळ आणि नवेपणाचा सोस

गेल्या लग्नसराईंत अमरावतीस एका मंगलकार्याला प्रस्तुत लेखक गेला असतां तेथें घडलेला एक साधा प्रसंग या लेखास कारण झाला आहे. पंगत उठल्यावर मंडळी सुपारी कातरीत बसली होती, तेव्हां एका सुशिक्षित व सुस्थित गृहस्थांनीं मनगटावरचें घड्याळ काढून सर्वांच्या हातीं फिरविलें. घड्याळ त्यांच्या आजोबांचें. पण तबकडी दुधासारखी पांढरी, आंकडे काळेभोर, कवच आरशासारखें लखलखीत. "ओळखूं येतें काय? अगदीं कोरें करून घेतलें!" असें ते अभिमानानें म्हणाले, आणि मंडळींनीं माना डोलावल्या. मींही डोलावली. त्या मान डोलावण्याची टोचणी अजून गेलेली नाहीं; जें त्या वेळीं बोलावयास हवें होतें तें आज लिहीत आहें.

प्रथम एका आक्षेपाचा निकाल लावूं. ज्या वऱ्हाडांत कापसाच्या भावाची व शेतकऱ्याच्या कर्जाची चिंता घरोघर आहे, तेथें घड्याळाच्या तबकडीची चर्चा म्हणजे रिकामटेकड्यांचा चाळा, असें कोणी म्हणेल. परंतु ज्या घरांत वाडा, चित्रें, दप्तरें यांपैकीं कांहींच उरलें नाहीं, त्या घरांतही एखादें जुनें घड्याळ असतें. शिक्षकाच्या घरीं निरोपसमारंभांत मिळालेलें एचएमटी 'जनता', अडत्याच्या घरीं वेस्ट एंड, वकिलाच्या घरीं साखळीचें खिशांतलें घड्याळ. श्रीमंताचा इतिहास दगडांत व कागदांत लिहिला जातो. मध्यम स्थितीच्या माणसाचा इतिहास अशा चार-दोन वस्तूंतच असतो. तो पुसला जात आहे, आणि पुसणारे आपणच आहों.

वऱ्हाडांत घड्याळ घरोघर शिरलें तें कापूस आणि आगगाडी यांच्या पाठोपाठ. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धानें येथल्या कापसाला विलायतेंत मागणी आणली. १८६७ सालीं ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची वाट अकोला, बडनेरा करीत नागपुरास पोंचली. 'वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड' असें म्हणणाऱ्या या मुलखांत जिनिंगचा भोंगा आणि गाडीची वेळ यांनीं सूर्यावर चालणारा दिवस मिनिटांवर आणून ठेवला. रेल्वेची वेळ मद्रासची, मुंबईची वेळ निराळी, असा कित्येक वर्षें घोळ होता. १ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थानाची एक प्रमाणवेळ ठरली. अशा काळांत ज्यानें पहिलें घड्याळ घेतलें त्यानें तें चैनीखातर घेतलें असें नाहीं. गाडी चुकूं नये, कोर्टाची तारीख हुकूं नये, सौद्याच्या वेळीं आपण हजर असावें, यासाठीं घेतलें. मुंबई-कलकत्त्याच्या वेस्ट एंड कंपनीचें 'सोवार', फाव्र-ल्यूबाचें एखादें मनगटी घड्याळ, आणि १९६१ पासून बंगलोरास जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्यानें निघूं लागलेलीं एचएमटीचीं घड्याळें, हा आमच्या प्रांतांतील सामान्य माणसाचा वारसा. एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्यास केंद्रीय मंत्रिमंडळानें २०१६ सालीं मंजुरी दिली. म्हणजे ज्या 'जनता' घड्याळाच्या तबकडीवर एके काळीं देवनागरी आंकडे छापले गेले, त्याची मूळची तबकडी आतां कारखान्यांतून पुन्हा निघावयाची नाहीं. जी आहे ती आपल्या कपाटांत आहे.

आतां 'कोरें करणें' म्हणजे काय तें पाहूं. घड्याळजी तबकडी काढतो. जुना रंग खरवडून किंवा धुवून टाकतो. वर नवा रंग देऊन अक्षरें पुन्हा छापतो. कवच यंत्रावर घांसतो, त्यानें कडा गोल होतात व कोरलेला नंबर पुसट होतो. कांटे दुसऱ्या घड्याळाचे, चावी तिसऱ्याची. कांहीं ठिकाणीं तर चार मोडक्या घड्याळांचें मिळून एक घड्याळ तयार होतें, आणि त्यावर मूळ कारखान्यानें कधीं स्वप्नांतही न पाहिलेली निळी-नारिंगी तबकडी चढते. जगभरचे जुन्या घड्याळांचे शोकीन या मालाला 'मुंबई स्पेशल' म्हणतात. आपल्या राजधानीचें नांव नकली मालाची संज्ञा व्हावी, आणि आपण तोच माल कौतुकानें मनगटावर मिरवावा, ही लज्जेची गोष्ट आहे.

यावर तीन प्रकारचीं उत्तरें मिळतात. पहिलें: "वस्तु माझी, मी वाटेल तें करीन." कायद्यानें हें खरें आहे. पण वारशानें आलेली वस्तु केवळ आपल्या एकट्याची असती तर ती आपल्यापर्यंत आलीच नसती. मागच्या धन्यानें ती मोडींत घातली असती. दुसरें: "घड्याळ हें वेळ दाखविण्यासाठीं आहे, तें चाललें पाहिजे." अगदीं मान्य. तुटलेली कमान बदलावी, सुकलेलें तेल धुवून नवें घालावें, तडकलेली काच काढून त्याच जातीची बसवावी. वऱ्हाडांत उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांपलीकडे जातो, त्या उष्णतेनें तेल सुकतें. आणि त्याच दिवसांत ज्या खोलींत कूलर चालतो तेथील ओल पोलादी भागांना गंज आणते. म्हणून चार-पांच वर्षांनीं जाणत्या हातानें साफसफाई अवश्य करावी. परंतु यांत तबकडी रंगविण्याचा संबंध कोठें आला? पिंवळ्या पडलेल्या तबकडीवर कांटे कांहीं हळू फिरत नाहींत. दुरुस्ती यंत्राला लागते. रंगरंगोटी लागते ती धन्याच्या हौसेला. या दोहोंची गल्लत करूनच हा सारा अनर्थ चालतो.

तिसरें उत्तर सर्वांत बळकट, कारण तें भावनेचें आहे: "आजोबांची वस्तु मळकी कशी ठेवावी? चकचकीत ठेवण्यांतच आदर आहे." देवाला शेंदूर चढवीत चढवीत मूर्तीचें नाकडोळे नाहींसे करणारी हीच भक्ति. नरनाळ्याच्या महाकाली दरवाज्यावरील कोरीव लेख मळकट दिसतो म्हणून कोणी त्यावर ऑइलपेंट फांसला तर आपण ओरड करूं. मग आजोबांच्या तबकडीवर तोच प्रयोग केल्यास तो आदर कसा? १९६४ च्या व्हेनिस सनदेनें स्मारकांविषयीं असें तत्त्व घालून दिलें आहे कीं, जेथें तर्कानें भर घालणें सुरू होतें तेथें जीर्णोद्धार थांबला पाहिजे. जो नियम किल्ल्याला, तोच मनगटावरील दोन तोळ्यांच्या वस्तूला. शिवाय एक धोकाही सांगितला पाहिजे. अंधारांत चमकण्यासाठीं जुन्या कांहीं तबकड्यांवर रेडियम लावीत असत. आज ती चमकत नाहीं याचा अर्थ रेडियम संपलें असा नाहीं; संपलें तें चमकणारें द्रव्य. रेडियमचें बळ निम्मेंच होण्यास सुमारें १६०० वर्षें लागतात. अशी तबकडी खरवडणें म्हणजे तिची विषारी धूळ कारागिराच्या श्वासांत घालणें आहे.

हें सर्व मी दुसऱ्यास सांगतों आहें, पण शहाणपण मला फुकट मिळालेलें नाहीं. माझे आजोबा अकोल्याच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्यें मुनीम होते. त्यांचें 'सोवार' वडिलांकडून माझ्याकडे आलें. तबकडीवर चाराच्या आंकड्यापाशीं एक तपकिरी डाग होता, आणि मागच्या झाकणाच्या आंतून तीन पिढ्यांच्या घड्याळजींनीं सुईनें ओरखडलेल्या बारीक खुणा व तारखा होत्या. मुलाच्या मुंजींत घालावें म्हणून मीं तें एका कारागिराकडे दिलें आणि "जरा नवें करून द्या" असें म्हणालों. त्यानें माझा शब्द अक्षरशः पाळला. घड्याळ परत आलें तेव्हां डाग नव्हता, आणि झाकण आंतूनही आरशासारखें केलेलें होतें. जुनी तबकडी मागावयास गेलों तों तो म्हणाला, "ती टाकून दिली, साहेब. काय करणार होता तिचें?" त्याचा दोष नाहीं. त्याला काय टाकूं नये हें मीं सांगितलेंच नव्हतें. पुढें विम्यासाठीं किंमत ठरवून घ्यावी म्हणून एका पारख्यास दाखविलें. भिंगांतून पाहून तो एवढेंच म्हणाला, "मशीन चांगलें आहे. बाकीचें तुम्हींच घालविलेंत."

येथें विम्याचा प्रश्न येतो, आणि येथेंही आपला समाज दोन गटांत विभागला आहे. एक गट म्हणतो, "विम्याच्या पैशानें आजोबा परत येतात काय?" दुसरा गट समजतो कीं घराचा विमा उतरविला म्हणजे कपाटांतील सर्व कांहीं सुरक्षित झालें. दोघेही चुकतात. दुसऱ्या गटानें आपली पॉलिसी एकदां उघडून वाचावी. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामक प्राधिकरणानें साधारण विमा कंपन्यांना घरांसाठीं 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी ठेवणें बंधनकारक केलें आहे. तींत इमारतीबरोबर घरांतील सामानाला इमारतीच्या विमारकमेच्या २० टक्के, परंतु १० लाख रुपयांच्या मर्यादेंत, आपोआप संरक्षण मिळतें. मात्र दागिने, कलावस्तु, दुर्मिळ वस्तु यांचा त्या सामान्य सामानांत समावेश नाहीं. त्यांच्यासाठीं ठरीव किमतीचें वेगळें संरक्षण मागून घ्यावें लागतें. अशी रक्कम एकूण ५ लाखांपर्यंत व एका वस्तूची किंमत १ लाखापर्यंत असेल तर मूल्यांकनाचा दाखलाही लागत नाहीं. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी कीं, या पॉलिसींत चोरीची भरपाई मिळते ती आग, पूर यांसारख्या आपत्तीमुळें, त्यानंतर सात दिवसांच्या आंत चोरी झाली तरच. एरवींच्या घरफोडीसाठीं, किंवा मनगटावर घालून प्रवासांत हरवण्यासाठीं, निराळा विमा घ्यावा लागतो. त्या विम्यांतही झीज, यंत्राचा बिघाड आणि साफसफाई वा दुरुस्ती करतांना झालेलें नुकसान बहुधा वगळलेलें असतें. म्हणजे चोरानें नेलें तर कंपनी देईल. आपणच होऊन ज्याच्या हातीं नासावयास दिलें, त्याचें कोणी देणार नाहीं. मूळपणाचा विमा जगांत कोणतीच कंपनी उतरवीत नाहीं. तो आपला आपणच उतरवावयाचा असतो.

आतां पहिल्या गटास उत्तर. विम्यानें आजोबा परत येत नाहींत हें खरें. पण विम्याच्या निमित्तानें आजोबा एकदां तरी कागदावर येतात. घड्याळाची जात, कवचावरचा व मशीनवरचा नंबर, तबकडीचें स्वरूप, कांट्यांचा आकार, आंतल्या खुणा, घड्याळ कोणाचें, कोणत्या प्रसंगीं मिळालें, केव्हां कोणी उघडलें, हें सर्व लिहून, छायाचित्रें जोडून, एक प्रत घड्याळाबरोबर व एक दुसऱ्या घरीं ठेवावी लागते. ठरीव किमतीचा आधार हाच कागद. आमच्या घरांत आजोबांविषयीं लिहिलेलें दुसरें कांहीं नाहीं. बहुतेक घरांत नसतें. मुलें पुण्यास, बंगलोरास, अमेरिकेस गेलीं, वाटणींत घड्याळ कोणा एकाकडे जातें, आणि वीस वर्षांनीं "हें कोणाचें होतें?" या प्रश्नाला उत्तर देणारें माणूस उरत नाहीं. विमा कंपनीचा रुक्ष तक्ता भरतांना तरी तें उत्तर नोंदलें जाईल.

किमतीच्या भाषेंतच ज्यांना समजतें त्यांच्यासाठीं दोन उदाहरणें देतों. २००९ सालीं न्यूयॉर्कास महात्मा गांधींचें झेनिथ खिशांतलें घड्याळ, चष्मा, चपला व भांडीं यांसह सुमारें १८ लाख डॉलरांस विकलें गेलें. २०१७ सालीं त्याच शहरांत पॉल न्यूमन या नटाचें रोलेक्स १ कोटी ७७ लाख डॉलरांवर गेलें. त्याच्या पाठीवर जपून गाडी हांकण्याविषयीं पत्नीचा निरोप कोरलेला होता. कोणा उत्साही कारागिरानें ती पाठ घांसून गुळगुळीत केली असती तर? मात्र या आंकड्यांनीं भुलून जे लोक आजोबांचें घड्याळ लॉकरांत टाकून भावाची वाट पाहतात, त्यांच्याशींही माझें सख्य नाहीं. आपल्या घड्याळांना असे भाव येणार नाहींत, आणि यावेत यासाठीं तीं जपावयाचीं नाहींत. तीं अधूनमधून चालवावीं, हातावर घालावीं, त्यांची गोष्ट मुलांना सांगावी.

म्हणून माझें वाचकांस एवढेंच आग्रहाचें सांगणें आहे. घड्याळ कारागिराकडे देतांना तोंडी न सांगतां चिठ्ठीवर लिहून द्या: तबकडीला हात लावूं नये, कवच घांसूं नये, जो भाग बदलाल तो जुना भाग परत करावा. नवें करून देणाऱ्या कारागिरापेक्षां "हें असेंच राहूं द्या" म्हणणाऱ्यास चार पैसे अधिक द्या. असे थोडे उरले आहेत. मीं माझ्या 'सोवार'चा विमा उतरविला आहे. वर्णनाच्या रकान्यांत, अधिकाऱ्यानें आवश्यक नाहीं असें सांगितलें तरी, मीं लिहिलें आहे: "तबकडी मूळची नव्हे. मूळ तबकडीवर चारापाशीं तपकिरी डाग होता. ती विद्यमान मालकाच्या सांगण्यावरून नष्ट झाली." माझ्या मुलाला घड्याळाबरोबर हा कागदही मिळेल, आणि त्यांतील तिसरें वाक्य त्यानें आधीं वाचावें अशी माझी इच्छा आहे.