रताळे आणि रताळू

संक्रांत जवळ आली की खंडेराव मार्केटात कंदांचे ढीग लागतात आणि आपल्या घरांत घोटाळा सुरू होतो. आजी ‘रताळी आण’ म्हणते, नातू ‘रताळू’ मागून जांभळे कोनफळ घेऊन येतो. आजीला हवे असते ते गुजरातीतले शक्करिया!

गंमत खरी, पण नाव चुकले की खाण्याची रीतही चुकते. रताळे सोलून कच्चे खाल्ले तरी चालते. उपासाला त्याचा कीस तर आपला ठरलेलाच. कोनफळ मात्र शिजवूनच खावे. कच्चे असताना ते हातालासुद्धा खाजते. उंधियूत घालण्याआधी ते तळतात, ते उगीच नव्हे. बंगाली कुटुंबांत सरस्वतीपूजेच्या प्रसादाला शांकालू असते, मूळचे मेक्सिकोचे. त्याचा कंद सोलून कच्चाच खातात, कुरकुरीत आणि गोड. त्याच वेलाच्या बिया मात्र विषारी!

मुलांना कंद ओळखता यावेत आणि नावे दोन्ही भाषांत यावीत, असे आमचे स्पष्ट मत आहे. विश्वस्तांनी शाळेच्या आवारात दोन वाफे द्यावेत. लावणी, खणणी मुलांनीच करावी, पाट्याही त्यांनीच लिहाव्यात. जागा नाही, हे उत्तर आम्हांला पटणार नाही. रताळ्याचा वेल मातीने भरलेल्या गोणीतही वाढतो.