जबडा दुखतो? मग झोपेचीही विचारपूस करा

सकाळी उठल्यावर जबडा आखडलेला, कानाच्या पुढे ठणका, घास चावताना ‘कट’ असा आवाज आणि डोके जड. अशी तक्रार घेऊन माणूस आधी कानाच्या डॉक्टरकडे जातो. कान ठीक निघतो. मग दातांच्या डॉक्टरकडे. दातही ठीक निघतात. शेवटी दुखणे थांबवणारी गोळी सुरू होते आणि तीच चालू राहते. रात्री झोप कशी लागते, हे कुणी विचारत नाही आणि आपणही सांगत नाही. या वेळी त्याच प्रश्नाबद्दल बोलू या.

कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड उघडले-मिटले की जे हलते, तो जबड्याचा सांधा. दोन्ही बाजूंना एकेक. त्यातल्या दोन हाडांमध्ये एक लहानशी चकती असते. ती सरकली, सांधा झिजला किंवा जबड्याचे स्नायू ताणले गेले की दुखते, आवाज येतो, तोंड पूर्ण उघडत नाही. हा त्रास पुरुषांपेक्षा स्त्रियांना जास्त होतो.

स्लीप ॲप्निया म्हणजे झोपेत श्वास अडणे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे जाते आणि हवेची वाट बंद होते. श्वास १० सेकंद किंवा जास्त थांबला की तो एक अडथळा धरतात. तासाला ५ ते १५ अडथळे असतील तर आजार सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि त्यापुढे तीव्र. दर वेळी मेंदू क्षणभर जागा होतो, माणूस धापेसारखा श्वास घेतो आणि पुन्हा झोपतो. सकाळी त्याला काही आठवत नाही. पण रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण पडतो, दिवसा गाडी चालवताना डुलकी लागते.

या दोन आजारांचा संबंध कसा? खालचा जबडा हा जिभेचा आधार आहे. तो लहान किंवा मागे सरलेला असेल तर जीभही मागे राहते आणि घसा अरुंद होतो. दुसरीकडे, श्वास अडून झोप मोडताना काहींचे जबड्याचे स्नायू आवळले जातात, दात करकर वाजतात. शिवाय झोप मोडत राहिली की दुखणे सोसण्याची ताकदही घटते. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जबड्याचा त्रास नसलेल्या, १८ ते ४४ वयाच्या अडीच हजारांहून अधिक लोकांवर लक्ष ठेवण्यात आले. ज्यांच्यात ॲप्नियाची दोन किंवा अधिक लक्षणे होती, त्यांना पुढे जबड्याचे दुखणे जडण्याचा धोका इतरांच्या सुमारे पावणेदोन पट आढळला. प्रत्येक जबडादुखीमागे झोपच असते असे नाही, पण चौकशी व्हायला हवी.

कारण इलाज एकमेकांत गुंतलेले आहेत. दात खाण्यावर उपाय म्हणून रात्री वरच्या दातांवर बसवायचा गार्ड काही रुग्णांत श्वासाचा अडथळा वाढवू शकतो. उलट, सौम्य आणि मध्यम ॲप्नियासाठी खालचा जबडा पुढे धरून ठेवणारे साधन देतात; त्याने आधीच दुखणारा सांधा आणखी दुखू शकतो. अशा वेळी हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारे सीपॅप यंत्र हा पर्याय डॉक्टर सुचवू शकतात. झोपेच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. काही गोळ्यांनी घसा अधिकच सैल पडतो.

मुलांच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून सांगतो. मूल हनुवटीवर जोरात पडले तर जखम भरते, पण कधी कधी आत सांधा जुळून घट्ट होतो. तोंड हळूहळू कमी उघडू लागते, खालचा जबडा वाढत नाही, हनुवटी लहान राहते आणि मूल घोरू लागते. पडल्यानंतरच्या महिन्यांत मुलाचे तोंड पूर्वीइतके उघडते का, हे पाहत राहावे. कमी वाटले तर मुख-जबडा शल्यचिकित्सकाला लगेच दाखवावे.

आणि घरातल्या बायकांचे काय? अब्बा घोरतात हे सगळ्या घराला माहीत असते, त्यावर हसूनही होते. अम्मी घोरते हे कुणी बोलत नाही, तिलाही सांगायची लाज वाटते. त्यातून अनेक स्त्रियांचे घोरणे मोठे नसते. थकवा, सकाळची डोकेदुखी, तुटक झोप एवढेच दिसते. ‘कामाने थकली असेल’ म्हणून विषय संपतो. श्वास थांबतो हे झोपलेल्याला कळत नाही. शेजारी जागे असणाऱ्यालाच दिसते. म्हणून साक्ष घरच्यांनी द्यायची आहे.

आपल्या घरात कुणाचा जबडा दुखत असेल, तर दोन-चार रात्री लक्ष द्या. घोरणे मध्येच थांबून धाप लागते का, दात वाजतात का, उठल्यावर तोंड कोरडे असते का, दिवसा बसल्या जागी झोप येते का, हे लिहून ठेवा. तो कागद दातांच्या डॉक्टरलाही दाखवा आणि कान-नाक-घसा किंवा छातीच्या डॉक्टरलाही. गरज असेल तर ते एका रात्रीची झोपेची तपासणी सांगतील. गार्ड किंवा दुसरे कुठले साधन त्यानंतरच बनवून घ्या.