गरिबाचीच परीक्षा का?

समाजकल्याणाच्या नावाने आपल्याकडे जे संशोधन चालते, त्याच्याशी माझे जुने भांडण आहे, आणि ते मी आज दिवाळीच्या अंकात मांडतो आहे. सणासुदीला गोड बोलावे असा संकेत आहे, हे मला ठाऊक आहे. परंतु याच दिवसांत घरोघरी कपड्यालत्त्याचा हिशेब होत असतो; कोणाला किती जोड घेतले, कोणाचे राहिले, यावरून रुसवेफुगवे चालतात. अशा वेळी दुसऱ्याच्या घरातल्या कपड्यांचा हिशेब सरकार कसा ठेवते, हेही वाचकांनी एकदा पाहून घ्यावे, म्हणजे माझ्या रागाचे कारण त्यांना कळेल.

२००२ साली खेडोपाडी दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांची मोजणी निघाली. तज्ज्ञांनी त्यासाठी तेरा प्रश्नांची एक प्रश्नपत्रिका तयार केली होती. प्रत्येक प्रश्नाला शून्यापासून चारपर्यंत गुण, म्हणजे एकूण बावन्न. शाळेतल्या परीक्षेपेक्षा फरक एवढाच की, येथे ज्याला गुण कमी तो उत्तीर्ण. जमीन किती, घर कसे, जेवण किती वेळा, कर्ज कोणाचे, घरात शिकलेले कोण, असे ते प्रश्न होते. कपड्यांवरही एक प्रश्न होता. माणशी दोनाहून कमी कपडे असतील तर शून्य, दोन ते चारच्या आत असतील तर एक, आणि दहा वा अधिक असतील तर पुरे चार! भाकरीचीही अशीच पायरी पायरी लावलेली होती. वर्षातले बरेच दिवस एक वेळही पोटभर मिळत नसेल तर शून्य; दोन्ही वेळा मिळते पण अधूनमधून कमी पडते, असे म्हणणारा तीन गुण मिळवून बसला, म्हणजे जवळजवळ श्रीमंतच झाला.

या प्रश्नपत्रिकेचे गठ्ठे गावोगाव कोणी वाहिले? ग्रामसेवकांनी आणि आम्हा शाळामास्तरांनी. देशात काहीही मोजायचे निघाले की मास्तरला बोलावतात. माणसे, मते, गुरे, सगळे त्याच्याच हातून मोजले जाते. माझ्या वाट्याला आलेल्या वस्तीत एक एकटी म्हातारी होती. कपड्यांचा प्रश्न मी तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, "गुरुजी, अंगावरलं धरून सांगू का नुसतं दांडीवरलं?" मी म्हटले, "आजी, सगळी मिळून सांगा." तिने बोटे मोजली आणि थांबली. मग म्हणाली, "एक नवं लुगडं ट्रंकेत ठेवलंय. मेल्यावर अंगावर घालाया. तेबी मोजायचं का?"

सरणावरच्या लुगड्यासाठी त्या कागदावर रकाना नव्हता.

वाचकांपैकी कोणी म्हणतील, मास्तर, एक म्हातारी घेऊन तुम्ही आमच्या काळजाला हात घालता, पण शास्त्र असे चालत नाही. ठीक आहे, मग शास्त्रच पाहू. त्या वेळी आपल्या राज्यात संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छतेची मोहीम जोरात होती. सरकारी माणूस गावात येऊन सांगे, शौचालय बांधा. ज्याने उसनवारी करून ते बांधले, त्याला या प्रश्नपत्रिकेत स्वतःच्या शौचालयाबद्दल चार गुण मिळाले. जो उघड्यावर जात राहिला त्याला शून्य. शिक्षणाच्या प्रश्नात घरातल्या सर्वांत जास्त शिकलेल्या माणसाचे गुण धरत. म्हणजे बापाने पोटाला चिमटा घेऊन पोराला दहावी केले की घराचे दारिद्र्य कमी झाले! घरात पंखा, रेडिओ किंवा प्रेशर कुकर निघाला तर त्याचेही गुण होतेच. मुलीच्या लग्नात आलेला कुकर फडताळात असला तर तो झाकून ठेवावा, हे शहाणपण लोकांना आमच्याआधी दोन दिवस सुचले होते. सरकार एका हाताने ज्या गोष्टी करायला सांगते, त्या केल्या म्हणून दुसऱ्या हाताने यादीतून नाव खोडते, याला कोणते शास्त्र म्हणायचे?

आणि खरी गंमत पुढेच आहे. यादीत किती गरीब सापडायचे, हे आम्ही दारोदार फिरण्याआधीच ठरलेले होते! नियोजन आयोगाच्या अंदाजावरून प्रत्येक राज्याचा आकडा बांधलेला; त्या आकड्यात बसतील इतकीच नावे घ्यायची आणि गुणांची रेघ त्या बेताने वरखाली सरकवायची. उत्तर आधी आणि गणित मागून, हा प्रकार माझ्या वर्गात एखाद्या मुलाने केला असता तर मी त्याला बाकावर उभा केला असता. पुढे केंद्र सरकारनेच नेमलेल्या सक्सेना समितीने २००९ साली या पद्धतीची झडती घेतली, तेव्हा अगदी तळाच्या थरातली सुमारे निम्मी कुटुंबे यादीबाहेर राहिल्याचे दिसून आले, आणि सुस्थितीतली कितीतरी आत जाऊन बसलेली. ज्याला ग्रामपंचायतीत ओळख आहे त्याला कमी गुण पाडून घेता येतात. ज्याला ओळख नाही तो खरे बोलतो.

गरिबाची परीक्षा घेण्याची ही खोड इंग्रजांपासूनची आहे. १८७६-७७ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल नावाचे साहेब हिंदुस्थान सरकारतर्फे दौऱ्यावर निघाले. खरोखर उपाशी कोण आणि सोंग करणारा कोण हे ओळखायला त्यांच्याजवळ साधी युक्ती होती : मजुरी इतकी कमी करा आणि काम घरापासून इतके लांब द्या, की ज्याचे प्राण कंठाशी आले आहेत तोच येईल. दिवसाला एक रत्तल धान्य आणि वर मीठमिरचीपुरते पैसे, असा हिशेब बसवण्यात आला. तेवढ्यावर माती वाहणारा माणूस जगतो की नाही, ही चौकशी गौण. मुंबई इलाख्यातल्या हजारो दुष्काळी मजुरांनी तेव्हा अशा कामांवर जाण्याचे नाकारले, आणि सार्वजनिक काकांच्या पुणे सार्वजनिक सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून सरकारपुढे त्यांची बाजू मांडली. माझ्या मते आपल्याकडचे समाजकल्याणाचे पहिले खरे संशोधन ते. त्यात उलटतपासणी झाली ती टेंपलसाहेबांच्या रतलाची.

तेव्हा संशोधन नकोच, असे माझे म्हणणे मुळीच नाही. पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातल्या दारिद्र्यावर जो निबंध प्रसिद्ध केला, तो मी आदराने वाचला आहे. माणसाला रोज २२५० उष्मांकांचे अन्न मिळायला किती खर्च येतो यावरून त्यांनी एक पातळी ठरवली आणि दाखवले, की खेड्यांतले सुमारे ४० टक्के आणि शहरांतले सुमारे ५० टक्के लोक तिच्याखाली आहेत. देश हादरला. पण त्यांचा निबंध तेवढ्यावर संपत नाही. मागेल त्याला काम देणारी सार्वजनिक कामे काढा आणि त्याचा खर्च सुस्थितीतल्यांनी सोसावा, हा त्यातला पुढचा भाग होता. आपल्या विद्वानांनी काय केले? रेघ तेवढी उचलली आणि काम ठेवून दिले. पुढची चाळीस वर्षे त्या रेघेवर कीस पडला : उष्मांक किती धरावे, डाळ किती, कापड किती, महागाईचा निर्देशांक कोणता. या कीस काढण्यात कित्येकांना डॉक्टरेट मिळाली. मजुराला काय मिळाले ते विचारू नका.

मजुराला जे मिळाले ते एका वेगळ्या माणसाच्या वेगळ्या विचारामुळे. वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती. त्यांच्या कल्पनेतून १९६५ साली सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात एक प्रयोग झाला आणि १९७२ च्या दुष्काळानंतर तोच रोजगार हमी योजनेच्या रूपाने राज्यभर आला. १९७७ साली विधिमंडळाने कायदा केला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला, आणि २००५ साली केंद्राने देशासाठी कायदा केला तो याच वाटेने. पाग्यांच्या योजनेत गरिबीचा दाखला नव्हता, कारण त्याची गरजच नव्हती. उन्हात खडी फोडायला जो आपणहून येतो त्याची ट्रंक उघडून पाहायची कशाला? परीक्षा होती ती सरकारची : अर्ज आल्यापासून पंधरा दिवसांत काम द्या, नाही दिले तर भत्ता द्या. खोटी हजेरीपत्रके झाली, मजुरी महिनोन्‌महिने लटकली, पाझर तलाव कागदावरच पाझरले, हे सारे मला मान्य आहे. पण बाई किती गरीब आहे, हा प्रश्न तिच्या तोंडावर कोणी विचारला नाही. शहरातल्या वाचकांनी आपले पगारपत्रक काढून पाहावे. व्यवसायकर म्हणून जी रक्कम कापली जाते, तो कर १९७५ साली या योजनेसाठीच बसवला होता. तेव्हा या प्रकरणात आपणही एक पक्षकार आहोत.

तसेच १९८० च्या सुमाराचे मजुरीचे प्रकरण. शेतमजुराला दिवसाला चार रुपये पुरतात, असा सरकारी समितीचा हिशेब होता. डॉ. अभय बंग यांनी तो हिशेबच तपासायला घेतला आणि चार नव्हे, बारा रुपये हवेत असे दाखवून दिले. पुढे सरकारला दर वाढवावे लागले. येथे झडती झाली ती समितीच्या वहीची.

आता खडी फोडू न शकणाऱ्यांचे काय? म्हातारे, अपंग, लहान मुले पदरी असलेल्या विधवा? त्यांच्यासाठी आपल्या राज्यात निराधारांचे अनुदान आहे. २०२४ साली ते महिना १५०० रुपये होते आणि ते मिळवायला कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत आहे असा दाखला लागे. भागाकार करा : घराचे मिळून महिन्याला १७५० रुपये. एवढ्यात एक घर जगते असे मानणाऱ्याने एकदा किराण्याच्या दुकानात जाऊन यावे. त्याच वर्षी त्याच सरकारने लाडक्या बहिणींना तेच १५०० रुपये देऊ केले आणि तेथे उत्पन्नाची मर्यादा ठेवली अडीच लाख. बहिणींना पैसे मिळाले याचे मला दुःख नाही, चांगलेच झाले. पण निराधार विधवेने अडीच लाखांच्या बहिणीपेक्षा बारापट गरीब असल्याचे सिद्ध का करावे, याचे उत्तर कोणत्या शास्त्रात आहे? आणि केंद्राचे वृद्धापकाळाचे निवृत्तिवेतन २००७ साली महिना २०० रुपये होते, ते साठ ते एकोणऐंशी वयाला २०२४ सालीही २००च. या सतरा वर्षांत आमदार-खासदारांचे वेतन ठरवताना कोणी त्यांच्या दांडीवरचे कपडे मोजले होते काय?

म्हातारपणाला वयाखेरीज दाखला लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आयकर भरणारे आणि पेन्शन घेणारे वगळा, बाकी सगळ्यांना द्या. चार सुखवस्तू म्हातारे त्यात शिरतील, शिरू द्यात. ते बाहेर राहावेत म्हणून आपण चाळीस उपाशी म्हातारे बाहेर ठेवीत आलो आहोत, आणि ते बाहेर ठेवण्याचा खर्चही काही थोडा नाही.

मुंबईत १९३६ साली समाजकार्याचे शिक्षण देणारी देशातली पहिली संस्था निघाली, तीच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाली. आता तर अशी महाविद्यालये जिल्ह्याच्या गावांतूनही आहेत. त्यांचे विद्यार्थी दरवर्षी तक्ते घेऊन वस्तीत येतात. मुले गुणी असतात, मनापासून विचारतात. पण वस्ती तीच, चूल तीच आणि प्रश्नही तेच : उत्पन्न किती, व्यसन काय, मुले किती. आमच्या गावाजवळच्या वस्तीत बायका आता विचारण्याआधीच उत्तरे सांगू लागल्या आहेत. माझी त्या मुलांच्या गुरुजनांना विनंती आहे की, एक वर्ष ही तोंडे उलटी फिरवा. राजस्थानात १९९४ साली पाली जिल्ह्यातल्या कोटकिराना गावी मजूर-किसानांच्या संघटनेने पहिली जनसुनवाई भरवली. दुष्काळी कामांचे कागद मिळवले आणि ते गावासमोर मोठ्याने वाचले, बस्स. कामावर कधी न गेलेल्यांची नावे कागदावर निघाली. त्यासाठी संगणक लागला नाही, उष्मांक लागले नाहीत.

आपल्याकडेही तेच करावे. निराधाराचा अर्ज तहसीलकचेरीत कोणत्या तारखेला पडला, तो कोणत्या टेबलावर किती दिवस राहिला, त्रुटीचे पत्र कोणत्या भाषेत गेले आणि ज्याला गेले त्याला ते वाचता येत होते का, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी किती खेपा झाल्या, दर खेपेला एसटीचे भाडे किती आणि बुडालेली मजुरी किती, मंजुरी येण्याआधी अर्जदार वारले असे किती. तेराच प्रश्न करा हवे तर, आणि शून्य ते चार गुणही द्या. येत्या सत्रात कोणी विद्यार्थी यासाठी निघालाच, तर त्याने कचेरीच्या बाहेरच्या बाकावर सकाळी दहाला जाऊन बसावे. साहेब मंगळवारी भेटतील असे पाटीवर लिहिलेले असले, तरी त्याने सोमवारपासूनच बसावे. बाकी सगळे सोमवारपासूनच आलेले असतात.