पश्चिम ऑस्ट्रेलिया : समुद्र निळा, वाट लाल

महाराष्ट्रासारखी आठ राज्ये सहज मावतील एवढा मुलूख आणि माणसे जेमतेम 30 लाख! त्यातलीही बहुतेक पर्थ शहराच्या आसपास राहणारी.

समुद्राची ओढ असेल तर निंगालू गाठा. सुमारे 260 किलोमीटर लांबीची ही प्रवाळरांग किनाऱ्याला इतकी लागून आहे, की काही ठिकाणी वाळूवरून पाण्यात उतरताच रंगीबेरंगी मासे दिसू लागतात.

साहसाची हौस असेल तर उत्तरेला किंबर्लीतला गिब रिव्हर रोड आहे. सुमारे 660 किलोमीटरचा हा रस्ता मुळात गुरांच्या वाहतुकीसाठी बनवला गेला. पावसाळ्यात तो बंद असतो, म्हणून मे ते सप्टेंबर हा काळ निवडा आणि फोर व्हील ड्राइव्ह गाडीच घ्या.

इथे निष्काळजीपणा जिवावर बेतू शकतो. पेट्रोल पंप दूरदूर, मोबाइल बहुतेक वाटेवर मुका. भरपूर पाणी, जादा इंधन, दोन स्टेपनी आणि भाड्याचा सॅटेलाइट फोन जवळ ठेवा. तिन्हीसांजेला कांगारू रस्त्यावर येतात, म्हणून उजेडीच मुक्कामाला पोहोचा. गाडी बंद पडलीच, तर मदत शोधायला पायी निघू नका. विमानातून शोधणाऱ्यांना एकटा माणूस सहसा दिसत नाही, गाडी दिसते. तिच्याच सावलीला थांबा.