त्राटिका कोणाला म्हणता?

रामानंद सागर यांची ‘रामायण’ ही मालिका दूरदर्शनवर २५ जानेवारी १९८७ रोजी सुरू झाली आणि रविवारी सकाळी गल्ल्या ओस पडू लागल्या. जालना जिल्ह्याला रामकथा नवी नव्हती. घनसावंगी तालुक्यातील जांब हे तर समर्थ रामदासांचे जन्मगाव. कीर्तनांतून पिढ्यान् पिढ्या ऐकलेल्या त्राटिकेला या मालिकेने घरोघर एकच चेहरा दिला. पडद्यावर ती अवतरते ती राक्षसी म्हणूनच, आणि प्रेक्षक वाट पाहतो ती रामाच्या बाणाची. २०२० च्या टाळेबंदीत मालिका पुन्हा दाखविली गेली, तेव्हा नातवंडांनीही तीच वाट पाहिली.

वाल्मीकींची ताटका मात्र इतक्या स्वस्तात मरत नाही. ती सुकेतू यक्षाची कन्या. ब्रह्मदेवाने तिला सहस्र हत्तींचे बळ दिलेले. पती सुंद मारला गेल्यावर ती पुत्रासह अगस्त्यांवर चालून जाते आणि ऋषींच्या शापाने विद्रूप होते. म्हणजे ज्या रूपाची भीती दाखविली जाते, ते तिला झालेली शिक्षा आहे! तिने मलद आणि करूष हे प्रदेश उजाड केले, हेही त्याच काव्यात आहे. तिला निर्दोष ठरविण्याचे कारण नाही. पण स्त्री म्हणून तिला मारण्यास खुद्द राम कचरतो, आणि विश्वामित्र त्याला दया न करण्याचा उपदेश करतात तो चातुर्वर्ण्याच्या हिताचा हवाला देऊन. कोणाच्या हितासाठी कोणाचा वध, हे आदिकवीने तरी लपविलेले नाही.

मराठीने मात्र या नावाची शिवी केली. वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी शेक्सपिअरच्या ‘द टेमिंग ऑफ द श्रू’चे रूपांतर केले, त्याचे नाव ‘त्राटिका’. तेथे बाण नाही. नवऱ्याने बायकोला वठणीवर आणण्याची करमणूक आहे. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांतील निम्म्या जागा २०११ पासून स्त्रियांसाठी राखीव झाल्या. मंठ्यापासून भोकरदनपर्यंत निवडून आलेली बाई पतीच्या सहीवर समाधान मानते तोवर ती ‘ताई’ असते; ग्रामसभेत रोजगार हमीच्या मस्टरविषयी तोंड उघडले की चावडीवर तिचे नाव बदलते.

पुढाऱ्यांची ही जुनीच चाल. पण समाजवादी म्हणविणाऱ्यांचे काय? राममनोहर लोहियांनी सावित्रीहून द्रौपदीला श्रेष्ठ मानले, हे प्रत्येक अभ्यासवर्गात मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. द्रौपदीचा कैवार घेणे सोपे आहे. ती राजकन्या होती आणि तिच्या बाजूला साक्षात कृष्ण होता. जिच्या बाजूला कोणीच नाही, त्या स्त्रीचा प्रश्न आला की अभ्यासवर्ग संपलेला असतो. शाखेच्या बैठकीत एखादी कार्यकर्ती वर्गणीचा हिशेब मागते, सतरंजीवर बसलेले दोघेतिघे एकमेकांकडे पाहून हसतात आणि हलक्या आवाजात तोच शब्द उच्चारतात. हिशेब बहुधा पुढील बैठकीवर ढकलला जातो.